सिव्हिल लाइन्स आणि छावणी : संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण

१

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, अजमेर रस्त्यालगत, ‘सिव्हिल लाइन्स’ नावाचा भाग आहे. राज्यपालांचे निवासस्थान, मुख्यमंत्र्यांचा बंगला, मंत्र्यांची घरे अशी राज्यकारभाराची सारी मांडणी याच परिसरात आहे. मराठी वाचकाला, विशेषतः नागपूरकराला, हे नाव परके नाही. परंतु रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या या नावात इतिहासाचा एक अर्थ दडलेला आहे. ‘लाइन’ हा मुळात लष्करी शब्द. शिपायांच्या राहण्याच्या रांगा म्हणजे लाइन. आपण ‘पोलीस लाइन’ म्हणतो तो याच अर्थाने. इंग्रजी अमलात मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती लष्कराच्या छावणीपासून वेगळी राखली जाई. तिला नाव मिळाले ते मात्र छावणीच्याच भाषेतले. मुलकी सत्ता आणि लष्करी सत्ता या दोहोंमध्ये एक रेषा असावी, आणि तरीही दोन्ही एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर असाव्यात, ही राज्यकर्त्यांची गरज त्या नावात उमटली आहे. नागपूरला सिव्हिल लाइन्स आणि कामठीला छावणी. पुण्यात पेठांचे शहर निराळे आणि ‘लष्कर’ निराळे. आज जयपुरातही भारतीय लष्कराच्या दक्षिण-पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. ते २००५ साली स्थापन झाले.

जयपूरच्या या सिव्हिल लाइन्समध्ये १९८५ ते १९८७ या काळात सांगलीचे वसंतदादा पाटील राज्यपाल म्हणून राहत होते. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना पोलिसांच्या गोळीने जखमी झालेला हा माणूस. ज्या राजसत्तेच्या बंदुका त्याने अंगावर घेतल्या, तिनेच आखलेल्या वस्तीत त्याने स्वतंत्र भारताचा प्रतिनिधी म्हणून वास्तव्य करावे, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय वसंतदादा नाहीत. त्याच कृष्णाकाठच्या मुलखात, त्याच बेचाळीसच्या वणव्यात घडलेला दुसरा एक पुरुष सिव्हिल लाइन्स आणि छावणी यांमधील रेषेवर चार वर्षे उभा राहिला. त्या चार वर्षांत देशाने एक पराभव पचविला आणि एक युद्ध लढविले. यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांच्या संरक्षणमंत्रिपदाचा (१९६२ ते १९६६) विचार येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रात या पर्वाचे वर्णन एकाच वाक्यात उरकण्याची रीत पडली आहे : हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. वाक्य सुंदर आहे आणि ते लोकांच्या हृदयातून आलेले आहे, यात शंका नाही. परंतु अशा वाक्यांचा एक दोष असतो; ती कौतुक करतात आणि विचार थांबवितात. सह्याद्री धावला खरा. पण तो पोहोचला तेव्हा हिमालयावर काय उरले होते, आणि पोहोचल्यावर त्याने नेमके काय केले, हे प्रश्न त्या वाक्याच्या तेजात दिसेनासे होतात. ते विचारणे हीच यशवंतरावांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.

२

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच प्लेगने त्यांचा बळी घेतला. पुढचा संसार आई विठाबाईंनी कष्टाने ओढला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच मुलगा चळवळीत ओढला गेला आणि १९३२ साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितल्यास मुलगा सुटेल, असे सुचविले गेले असता या निरक्षर मातेने ते मानले नाही, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यातील धैर्याइतकेच महत्त्वाचे आहे ते तिच्यातील संयमाचे तत्त्व : निर्णय ज्याचा आहे, त्याला तो पार पाडू द्यावा. हे तत्त्व मुलाच्या स्वभावात किती खोल उतरले, हे पुढे दिसेल.

तुरुंगाने त्यांना विद्यापीठ दिले. येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवतांसारख्या व्यासंगी माणसाचा सहवास लाभला. वाचनाची भूक लागली ती जन्मभर टिकली. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे आकर्षणही याच दशकातले. परंतु १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि फॅसिझमविरुद्धच्या लढ्यात ब्रिटनला साहाय्य करावे, अशी भूमिका रॉय यांनी घेतली, तेव्हा यशवंतरावांचे त्यांच्याशी जुळले नाही. युद्धासंबंधी घेतलेला हा त्यांचा पहिला राजकीय निर्णय होय. ज्याच्या बुद्धीपुढे आपण नतमस्तक होतो, त्याच्याही मागे लोकभावना सोडून जाता येत नाही, अशी त्यांची धारणा झाली. येथून ते काँग्रेसच्या मुख्य प्रवाहात स्थिरावले.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतल्यावर ते भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर. मोर्चे निःशस्त्र होते. सरकार निःशस्त्र नव्हते. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे पडली. या मोर्चांच्या प्रमुख संघटकांमध्ये यशवंतराव होते. स्वतः अज्ञातवासात राहून शेकडो माणसांना बंदुकीसमोर पाठविणे, ही जबाबदारी कोणत्या जातीची असते, हे वयाच्या तिसाव्या वर्षाआधीच त्यांनी अनुभवले. घरावरही आघात झाले. लग्नाला वर्षही पुरे झाले नसता वेणूताईंना अटक झाली. त्यांची प्रकृती ढासळली. आजारी पत्नीला भेटावयास फलटणला गेले असताना १९४३ साली ते स्वतः पकडले गेले. पुढील आयुष्यात यशवंतराव युद्धाविषयी बोलताना वीरश्रीची भाषा फारशी वापरीत नाहीत. तिचे मूळ या दिवसांत शोधता येते. ज्याने दुसऱ्याला मरणाच्या तोंडी धाडले आहे, त्याला शब्द जपून वापरावे लागतात.

३

१९४६ मध्ये ते मुंबई राज्याच्या गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले, १९५२ मध्ये पुरवठामंत्री, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर सारे लोकमत एका बाजूला असताना ते पक्षशिस्तीच्या बाजूला उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना कठोर टीका सोसावी लागली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीची प्रचंड निदर्शने होती. तो दिवस रक्तपाताविना पार पडला, याचे श्रेय निदर्शकांच्या नेत्यांना जितके, तितकेच मुख्यमंत्र्यांच्या धीराला द्यावे लागेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच होते.

त्यांच्या त्या कारकिर्दीचे विवेचन हा वेगळा विषय आहे. येथे एकाच गोष्टीचा उल्लेख पुरे. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. शेतकऱ्याचा मुलगा आजवर शिपाई म्हणून सैन्यात जात होता. तो अधिकारी म्हणून जावा, हा त्यामागील हेतू. त्या वेळी आपल्याला वर्षादीडवर्षात त्याच सैन्याचा कारभार पाहावा लागेल, असे स्वप्नही त्यांना पडले नसेल.

४

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने ईशान्य सीमेवर व लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला केला. चार दिवसांत तवांग गेले. देशाचा संताप संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर केंद्रित झाला. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मेनन यांना मंत्रिमंडळही सोडावे लागले. नेहरूंनी यशवंतरावांना बोलाविले. दिल्लीच्या राजकारणात ज्याचा गट नाही, लष्करी बाबींत ज्याचा पूर्वग्रह नाही, आणि ज्याच्या निष्ठेविषयी शंका नाही, असा माणूस त्यांना हवा होता. मुंबईने या नेत्याला जो निरोप दिला, तो विसरता येण्याजोगा नव्हता.

पण इतिहासाची चेष्टा अशी, की नोव्हेंबरच्या मध्यात चीनचा दुसरा हल्ला झाला. सेला आणि बोमडिला ही ठाणी पडली. सरसेनापती थापर यांनी पद सोडले. आणि २१ नोव्हेंबर रोजी, ज्या दिवशी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री पोहोचला तेव्हा वणवा विझला होता; उरली होती ती राख. लढण्याचा प्रसंग सरला होता आणि त्याहून अवघड असा समजून घेण्याचा प्रसंग सुरू झाला होता.

राखेखाली काय होते? सामग्रीची टंचाई होती, डोंगरी युद्धाचा सराव नव्हता, गुप्तवार्ता अपुऱ्या होत्या, हे खरेच. परंतु मूळ रोग सिव्हिल लाइन्स आणि छावणी यांच्यातील संबंध बिघडण्यात होता. १९५९ साली सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदातून राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहाने तो परत घेतला, तेव्हाच हा रोग लोकांपुढे आला होता. बढत्यांमध्ये मर्जीचा वास येऊ लागला. प्रतिकूल सत्य वर कळविणारा अधिकारी नको वाटू लागला. दुसरीकडे, कोणते ठाणे कुठे उभारावे, कोणत्या नदीकाठी उभे राहावे, असे निर्णय राजकीय पातळीवर होऊ लागले. मग त्या जागी पोहोचणाऱ्या जवानाच्या अंगात लोकरीचा कोट आहे की नाही, हे कुणी पाहो न पाहो. म्हणजे मुलकी सत्ता जिथे बोलायला नको तिथे बोलत होती, आणि जिथे तिने बोलणे हे कर्तव्य होते तिथे ती आशेवर विसंबली होती.

यशवंतरावांनी केलेली पहिली सुधारणा दिसायला अगदी साधी. त्यांनी रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि खात्याचे सचिव यांची आपल्या कार्यालयात बैठक घेण्याचा प्रघात पाडला. टिपणे, शेरे आणि फायली यांच्या आडून चालणारा व्यवहार समोरासमोर आला. नौदलप्रमुखाला सेनाप्रमुखाची अडचण कळू लागली आणि सचिवाला दोघांचीही. मंत्री बोलत थोडे, ऐकत फार. लष्करी विषयातले आपले अज्ञान त्यांनी लपविले नाही, आणि अज्ञानाचे प्रदर्शन करून जबाबदारीही टाळली नाही. नवे सेनाप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी हे याआधी पुण्याच्या दक्षिण विभागाचे प्रमुख होते. स्वभावाने दोघे अगदी भिन्न : एक भपकेबाज आणि वाक्पटू, दुसरा मितभाषी. पण काम चालले.

दुसरी गोष्ट चौकशीची. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाचा अभ्यास करून अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी त्यातील निष्कर्षांचे सार लोकसभेपुढे ठेवले. हे निवेदन आजही वाचण्याजोगे आहे. प्रशिक्षण, सामग्री, अधिकारांची साखळी, सेनानींची क्षमता, एकेका बाबतीत काय उणे पडले ते त्यांनी सांगितले. वरिष्ठ पातळीवरील उणिवा अधिक होत्या, हेही सांगितले. त्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र शासनासंबंधीचा आहे. मोठ्यात मोठ्या, सुसज्ज सेनेलाही धोरणाचे मार्गदर्शन आणि प्रमुख आदेश शासनाकडूनच मिळाले पाहिजेत. मात्र हे आदेश सेनेच्या संख्येशी आणि तिच्या सामग्रीच्या स्थितीशी सुसंगत हवेत, असा त्याचा आशय आहे. ज्या पंतप्रधानांनी त्यांना बोलाविले होते, ते समोर बसले असताना हे बोलले गेले. शब्द सौम्य होते, रोख कुणाला कळला नाही असे नाही.

तथापि न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मूळ अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. त्यांच्यानंतरच्या कोणत्याही सरकारने अधिकृतपणे तो केला नाही. चौकशीची कक्षाही लष्करी कारवाईपुरती आखली होती. दिल्लीतील मंत्री व सचिव तिच्या बाहेर राहिले. सैन्याचे मनोधैर्य नुकते सावरत असताना उघड दोषारोप नकोत, हा युक्तिवाद त्या वर्षी सबळ होता. पुढच्या दशकांत तो उरला नाही. परंतु गुप्ततेची सवय उरली. जखम झाकण्यासाठी बांधलेली पट्टी जखम भरल्यावरही सोडली गेली नाही, आणि त्या पट्टीची पहिली गाठ यशवंतरावांच्या हातची होती, हे नोंदविणे भाग आहे.

तिसरे काम उभारणीचे. १९६४ पासूनच्या पाच वर्षांसाठी सुमारे पाच हजार कोटी रुपयांची संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल, डोंगरी युद्धासाठी खास सज्ज केलेल्या तुकड्या, पंचेचाळीस तुकड्यांचे हवाई दल अशी तिची उद्दिष्टे. अमेरिकेकडे त्यांनी आधुनिक लढाऊ विमाने मागितली. ती मिळाली नाहीत. मे १९६४ मधील त्याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची वार्ता त्यांना कळली आणि ते तातडीने परतले. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियालाही गेले. मिग विमानांच्या निर्मितीचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला. १९६३ साली ज्या नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठविले, त्या जिल्ह्याच्या द्राक्षमळ्यांशेजारी लढाऊ विमाने घडू लागली.

५

१९६५ च्या एप्रिलात कच्छच्या रणात पाकिस्तानने चाचपणी केली. ऑगस्टच्या प्रारंभी काश्मिरात सशस्त्र घुसखोर उतरविले गेले. भारतीय सैन्याने युद्धविरामरेषा ओलांडून २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड घेतली. १ सप्टेंबरच्या पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांब विभागात घुसले. अखनूरचा पूल पडता तर काश्मीर खोऱ्याकडे जाणारा मार्गच धोक्यात येता.

त्या दिवशी दुपारी उशिरा जनरल चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले. हवाई दल वापरण्याची परवानगी हवी होती. १९६२ मध्ये लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती. युद्ध भडकेल, शहरांवर बॉम्ब पडतील, ही भीती त्या वेळी निर्णायक ठरली होती. तीच भीती आताही खरी होती. अंधार पडायला थोडाच अवधी उरला होता. यशवंतरावांनी काही मिनिटांतच होकार दिला. त्या सायंकाळी पठाणकोटहून उडालेल्या जुन्या व्हॅम्पायर विमानांपैकी चार परत आली नाहीत. परंतु शत्रूची चाल मंदावली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिल्ली या वेळी निर्णय घेऊ शकते हे सैन्याला कळले.

या होकाराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. कोणती विमाने, किती, कुठून, कोणत्या लक्ष्यावर, यांपैकी काहीही मंत्र्यांनी विचारले वा ठरविले नाही; तो हवाई दलप्रमुखाचा अधिकार. युद्धाची कक्षा वाढवावी की नाही, हा प्रश्न मात्र सेनापतीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर त्यांनी सेनापतीवर ढकलले नाही. चार विमाने पडल्याचे दुःखही मग त्यांचेच होते. वडूजच्या मोर्चापासून चालत आलेली ही जबाबदारीची जाणीव होती.

त्यापुढचा निर्णय पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचा : आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडण्याचा. ६ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य सीमेपार गेले. शास्त्रीजींची शांत दृढता आणि यशवंतरावांचा सावध निर्धार यांचा मेळ हे या युद्धाच्या राजकीय नेतृत्वाचे वैशिष्ट्य होय. दोघेही सामान्य घरांतून आलेले, दोघेही तुरुंगात घडलेले. सैनिकी पोशाखाची हौस एकालाही नव्हती.

युद्ध सरळ रेषेत चालले नाही. पहिल्याच दिवशी इच्छोगील कालव्यापर्यंत पोहोचलेल्या तुकड्यांना मागे यावे लागले. पठाणकोटच्या तळावर उभी असलेली आपली विमाने शत्रूच्या हल्ल्यात जळाली. खेमकरण गेले आणि पाकिस्तानचे चिलखती दळ बियासच्या रोखाने येणार, असा प्रसंग उभा राहिला. पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्षसिंग यांनी पुढे लिहून ठेवले, की बियासच्या मागे सरकण्याची सूचना सेनाप्रमुखांकडून आपल्याला झाली आणि ती आपण मानली नाही. याविषयी अभ्यासकांत वाद आहे. परंतु त्या दिवसांत सेनाप्रमुखांचे मन हेलकावे खात होते, हे यशवंतरावांच्या दैनंदिनीवरूनही दिसते. अशा वेळी मंत्र्याने घाबरून सेनापती बदलणे, किंवा नकाशा पुढे ओढून स्वतःच तुकड्या हलविणे, हे दोन्ही मोह सोपे होते. यशवंतरावांनी दोन्ही टाळले आणि डळमळणाऱ्या माणसाला धीर देण्याचे काम केले. असल उत्तर येथे ८ ते १० सप्टेंबर या दिवसांत उसाच्या शेतांत, पाणी सोडलेल्या जमिनीत पाकिस्तानी रणगाडे रुतले; अब्दुल हमीद यांनी तिथेच देह ठेवला. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर धारातीर्थी पडले. युद्ध जिंकले-हरले ते या माणसांनी. मंत्र्याचे श्रेय एवढेच, की त्यांच्या आणि त्यांच्या कामाच्या मध्ये तो आला नाही.

राजस्थानच्या वाळवंटातही आघाडी उघडली होती. जोधपूरवर बॉम्ब पडले. बारमेर जिल्ह्यात गडरा रोडजवळ रसद पोहोचविणारे रेल्वे कर्मचारी मारले गेले. १९ सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी विमानाने पाडले आणि त्यात ते मृत्युमुखी पडले. सिव्हिल लाइन्स आणि छावणी यांमधली रेषा कागदावर कितीही ठळक असली तरी आकाशातून ती दिसत नाही.

२३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धबंदी झाली. ती थोडी लांबविता आली असती काय, हा वाद त्यानंतर कधी थांबला नाही. दारूगोळा संपत आला आहे, असे सेनाप्रमुखांनी शासनाला सांगितले होते; नंतर हिशोब केला तेव्हा साठ्याचा फार मोठा भाग शिल्लकच असल्याचे आढळले. येथे यशवंतरावांच्या पद्धतीची मर्यादा दिसते. सेनापतीच्या कामात ढवळाढवळ न करणे हा गुण. पण सेनापतीने दिलेला आकडा तपासून घेणे ही ढवळाढवळ नव्हे. भूदल आणि हवाई दल यांची एकत्रित योजना नव्हती, आणि नौदलाला तर युद्धापासून जवळजवळ अलिप्त ठेवले गेले; पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या तरी उत्तर दिले गेले नाही. युद्धाचा विस्तार मर्यादित ठेवण्याचे धोरण यामागे होते. धोरण समजण्यासारखे आहे. नौदलाला वाटलेला अपमानही तितकाच समजण्यासारखा आहे.

६

ताश्कंदच्या वाटाघाटींत यशवंतराव शास्त्रीजींसमवेत होते. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सह्या झाल्या. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचे ठरले, म्हणजे हाजी पीर परत द्यावयाचे होते. त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. जिंकलेली खिंड आणि युद्धातला सोबती या दोहोंना एकाच मुक्कामी निरोप द्यावा लागलेला हा मंत्री मायदेशी परतला, तेव्हा काय विचार करीत असेल, याची कल्पनाच करावी.

१४ नोव्हेंबर १९६६ रोजी ते गृहमंत्री झाले आणि संरक्षण खाते सुटले. पुढे अर्थ आणि परराष्ट्र ही खाती, १९७७ नंतर काही काळ विरोधी पक्षनेतेपद, १९७९ मध्ये अल्पकाळ उपपंतप्रधानपद असा प्रवास झाला. या उत्तरायुष्याविषयी महाराष्ट्राच्या मनात हळहळ आहे. १९६९ च्या काँग्रेसच्या फुटीत त्यांनी घेतलेला वेळ, आणीबाणीतले त्यांचे मौन, नंतरची त्यांची पक्षांतरे यांवर कठोर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. सर्व बाजू ऐकणे, स्वतः मागे राहणे, दुसऱ्याला त्याचे काम करू देणे, शब्द आवरणे, हे गुण युद्धकाळात देशाच्या उपयोगी पडले. तेच गुण सत्तास्पर्धेच्या राजकारणात अनिश्चितता ठरले. माणूस बदलला नव्हता. प्रसंग बदलला होता. संरक्षण खात्यात मंत्र्याने आपली रेषा ओळखणे पुरेसे होते. पक्षाच्या राजकारणात रेषा दुसरेच कुणी आखत होते, आणि ती ओलांडण्याचे धाडस हवे होते.

यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र लिहिले. १९८४ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील कथन १९४६ पाशी थांबते. पुढचे दोन खंड ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ या नावांनी लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. मुंबई आणि दिल्ली या दोन पर्वांची ही नावे. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत ते स्वतः गेले. ‘यमुनाकाठ’ अलिखित राहिला, आणि त्याबरोबर मराठीतील एक अनन्यसाधारण युद्धग्रंथही. स्वतंत्र भारताच्या दोन युद्धांमधला सांधा जोडणारा माणूस आपल्या भाषेत त्याविषयी काय म्हणाला असता, हे मराठी वाचकाला कधीच कळणार नाही. १९६५ च्या युद्धकाळातील त्यांची दैनंदिनी त्यांचे तत्कालीन स्वीय सचिव राम प्रधान यांनी २००७ मध्ये इंग्रजीत प्रकाशात आणली, तेव्हा त्या शांत चेहऱ्यामागची घालमेल प्रथमच लोकांनी पाहिली. पण दैनंदिनी म्हणजे आत्मचरित्र नव्हे. तीत माणूस घटनेच्या आत असतो. ती ओलांडून मागे वळून पाहण्याइतका अवसर यशवंतरावांना मिळाला नाही.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे, आणि त्याच गावी वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात त्यांचा ग्रंथसंग्रह जपला आहे. युद्धकाळातील राष्ट्रनेत्यांची स्मारके जगभर घोड्यांवर आणि चौथऱ्यांवर उभी असतात. या नेत्याचे स्मारक पुस्तकांच्या कपाटांत आहे, हे त्याच्या जीविताला शोभणारेच झाले. सिव्हिल लाइन्सची वस्ती परकीयांनी आखली आणि आपण ती वारशाने घेतली; जयपुरात, नागपुरात, अन्यत्र. तिच्यातले बंगले मिळविणे सोपे होते. छावणीच्या आणि आपल्या मधली रेषा कुठवर ओलांडावी व कुठे थांबावे, हे शिकायला १९६२ चा पराभव लागला, आणि ते शिकताना आपल्याकडे हा माणूस होता.